‘लक्ष नाही’ : एका शेऱ्याचा इतिहास

प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यांचा इतिहास मराठीत कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही. रद्दीवाल्याकडे, बंद पडलेल्या शाळांच्या कपाटांत, जुन्या मास्तरांच्या घरच्या माळ्यावर अशी पुस्तके अजून सापडतात. गेली काही वर्षे मी ती जमवतो आहे. त्यांत एक शेरा इतक्या वेळा येतो, की पुढे पुढे वाचताना डोळा त्याच्यावरून घसरून जातो : ‘अभ्यासात लक्ष नाही.’ कधी ‘बुद्धी बरी, पण लक्ष नाही’, कधी नुसतेच ‘चंचल’. लिहायचा शेरा हा. बोलायचा त्याहून आखूड. तो एकाक्षरी आहे आणि मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे : ‘ढ’.

हा शेरा कुणाच्या पुस्तकात पडतो, कुणाच्या नाही आणि तो पडल्यावर पुढे काय होते, याचा माग काढताना मी अमेरिकेत जाऊन पोहोचलो. म्हणजे पुस्तकांतून. मी मानसशास्त्राचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, शब्दकोश शेजारी ठेवून जे वाचता आले ते वाचत आलो. पण आमच्या शहरातल्या माणसाला या वाटेने अमेरिका गाठणे तितकेसे अवघड नाही. नागसेनवनात त्या देशातल्या काळ्या माणसांची चर्चा फार पूर्वीपासून होत आली आहे. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याबद्दल त्यांनी इथल्या तरुणांना सांगितले. डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने ती चर्चा मराठवाड्याबाहेर नेली. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हा तिचे नावच ब्लॅक पँथरवरून आले. तिथली कविता आली, कादंबरी आली, लढ्याची भाषा आली. आले नाही ते तिथल्या काळ्या मानसशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांवर केलेले काम. का आले नाही, याचे उत्तर सोपे असावे. आपल्याकडे साहित्याचा प्राध्यापक वाचतो आणि लिहितो. मानसशास्त्राचा प्राध्यापक नोट्स देतो. (अपवाद असतील, त्यांनी रागावू नये.)

तर त्या न आलेल्या भागाबद्दल.

सुरुवात १८५१ पासून करावी लागते. लुइझियाना संस्थानातल्या सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने त्या वर्षी तिथल्या वैद्यक संघटनेपुढे एक अहवाल ठेवला. गुलामांना होणाऱ्या काही ‘रोगां’ची नावे त्यात आहेत. पळून जाण्याच्या रोगाला त्याने ‘ड्रॅपेटोमेनिया’ म्हटले. ते नाव पुष्कळांना माहीत असते. दुसऱ्या रोगाकडे सहसा कुणी पाहत नाही. ‘डिसएस्थेसिया इथिओपिका’ हे त्याचे नाव. लक्षणे कोणती? माणूस अर्धवट झोपेत असल्यासारखा वागतो, हातातले काम बिघडवतो, अवजारे मोडतो, सांगितलेल्याकडे ध्यान देत नाही. सक्तीच्या कामावर राबणारा माणूस दुसरे काय करणार, हा प्रश्न डॉक्टरला पडला नाही. ज्याचे श्रम दुसऱ्याच्या मालकीचे, त्याच्या लक्षावरही मालकाचा हक्क आणि ते लक्ष मिळाले नाही तर तो आजारी, असा त्यामागचा हिशेब. लक्ष न देणे हा विशिष्ट वंशाचा रोग ठरवण्याचा एवढा उघड आणि एवढा जुना दाखला दुसरा मला मिळालेला नाही.

त्याच दशकात आपल्याकडे काय चालले होते? पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळांत महार-मांगांची मुले अक्षरे गिरवत होती. त्यांतल्याच एका मांग विद्यार्थिनीचा, मुक्ताचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ने छापला. आणि १८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाला नकार मिळाला. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेले. सरकारने बहुसंख्यांच्या भावनेचे कारण पुढे केले आणि मुलाला बाहेर ठेवले. धारवाड हे गाव लक्षात असू द्यावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी बुद्धिमापनाची पहिली कसोटी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखावीत, त्यांना वेगळी मदत द्यावी, एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि न बदलणारी वस्तू आहे, हे मत बिनेला मान्य नव्हते. तो १९११ साली वारला आणि कसोटी अटलांटिक ओलांडून गेली. १९१६ साली स्टॅनफर्डच्या लुईस टर्मनने तिची अमेरिकन आवृत्ती काढली. पहिल्या महायुद्धात लाखो सैनिकांना तशाच चाचण्या दिल्या गेल्या. १९२३ साली कार्ल ब्रिगहॅमने त्या आकड्यांवरून वंशांची उतरंड मांडणारे पुस्तक लिहिले. १९३० साली त्याने आपले निष्कर्ष स्वतःच मागे घेतले. पण तोवर पुस्तकाने आपले काम केले होते.

या उतरंडीला पहिले जोरकस उत्तर देणाऱ्यांत होरेस मान बाँड हा तरुण होता. १९२४ साली, विशीही न ओलांडलेल्या या कृष्णवर्णीय मुलाने त्याच सैनिकी चाचण्यांचे आकडे उलटे करून दाखवले. उत्तरेतल्या काही राज्यांतल्या काळ्या सैनिकांचे गुण दक्षिणेतल्या काही राज्यांतल्या गोऱ्या सैनिकांपेक्षा जास्त होते. मग बुद्धी वंशातून येते की शाळेतून? बाँडचा लेख डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस संपादक असलेल्या ‘द क्रायसिस’ या मासिकात आला. डुबॉइस हे नाव आपल्याला परके नाही. १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहिले होते. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तिथून हार्लेम पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

१९३६ साली हर्मन कॅनडी या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ४८ काळी आणि २५ गोरी मुले, चाचणी तीच. फक्त चाचणी घेणारा बदलायचा, एकदा काळा, एकदा गोरा. परीक्षक आपल्या वर्णाचा असला की दोन्ही गटांच्या मुलांचे गुण सरासरीने सुमारे सहा अंकांनी जास्त येत. मी हा प्रयोग पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. आपल्याकडच्या किती तोंडी परीक्षांचे, किती ‘डिप्टीं’च्या तपासण्यांचे निकाल या सहा अंकांनी बदलले असते! पुढे १९४६ साली केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने हार्लेममध्ये ‘नॉर्थसाइड सेंटर’ काढले. शाळेने ‘मतिमंद’ ठरवलेली मुले घेऊन आईबाप तिथे येत. क्लार्कनी त्यांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा त्यांतली बरीच मुले मतिमंद नव्हतीच. शाळांतला वर्णभेद रद्द करणाऱ्या १९५४ च्या निकालात ज्यांच्या बाहुल्यांच्या प्रयोगाचा उल्लेख होतो, तेच हे क्लार्क.

आता धारवाड. १९३०च्या दशकात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी टर्मनच्या कसोटीवरून कन्नड आणि मराठी मुलांसाठी बुद्धिमापन चाचणी बसवली. धारवाडच्या मुलांवर ती प्रमाणित झाली आणि १९४० साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तिच्यावरचे पुस्तक काढले. बिने-कामत चाचणी या नावाने ती पुढची कित्येक दशके भारतभरच्या दवाखान्यांत वापरली गेली. अपंगत्वाचे दाखले तिच्यावरून दिले गेले. कामतांचे काम परिश्रमाचे आहे. परदेशी प्रश्न नुसते भाषांतरित करून चालणार नाहीत, ते इथल्या मुलांवर पारखून घेतले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले. ते त्या काळी थोडे नव्हते. पण अशा कसोटीत ‘इथले मूल’ म्हणजे मुळात शाळेत असलेले मूल. ज्या गावाने १८५६ साली एका महार मुलाला शाळेबाहेर ठेवले, त्याच गावातली शाळकरी मुले ऐंशी वर्षांनी मराठी-कन्नड बुद्धीचे माप ठरली. या ऐंशी वर्षांत कोण शाळेत आले आणि कोण टिकले, हे चाचणीच्या तक्त्यात दिसत नाही.

ते दुसरीकडे दिसते. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे मंडळात शिक्षणावरच्या खर्चाची चर्चा चालू होती. डॉ. आंबेडकर नुकतेच सभासद झाले होते. त्यांनी सरकारी आकडेच वाचून दाखवले. प्राथमिक शाळेत दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंची ११९ मुले, मुसलमानांची ९२, मध्यम वर्गाची ३८ आणि मागासलेल्यांची १८. माध्यमिक शाळेत दर लाखामागे पुढारलेले ३,०००, मागासलेले १४. आणि सर्वांना मिळून लागू पडणारा एक आकडा : शाळेत दाखल होणाऱ्या शंभरांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात फक्त १८. उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. याचे कारण बाबासाहेबांनी मुलांच्या डोक्यात शोधले नाही. ते त्यांनी सरकारच्या तिजोरीत शोधले. त्या काळी जगभरचे शिक्षणतज्ज्ञ बुद्ध्यंकाच्या मागे लागलेले असताना ही गोष्ट उठून दिसते.

आतापर्यंत बुद्धीबद्दल बोललो. लक्षाचा इतिहास त्याला समांतर जातो, पण तो डॉक्टरांच्या हातातला आहे. १९०२ साली लंडनमध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी बुद्धीने ठीक असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले. १९३७ साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या तीस मुलांना बेंझेड्रिन दिले आणि त्यांतली पुष्कळ मुले अभ्यासाला बसू लागली. उत्तेजक औषधाने चळवळे मूल शांत होते, हा शोध तेव्हा सर्वांना चमत्कारिक वाटला. १९५५ साली ‘रिटालिन’ला तिकडे मान्यता मिळाली. १९६८ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या नियमावलीत या अवस्थेला अतिचंचलतेची प्रतिक्रिया म्हटले गेले, १९८० साली नाव बदलून ‘अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर’ झाले, १९८७ साली त्यात ‘हायपरअ‍ॅक्टिव्हिटी’ आली. आपण आज जिला एडीएचडी म्हणतो ती ही.

काळ्या मुलांच्या बाबतीत या कथेला १९७० साली वळण लागले. २९ जून १९७० च्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये रॉबर्ट मेनार्ड या कृष्णवर्णीय पत्रकाराने ओमाहा शहराची बातमी दिली. तिथल्या ६२,००० शाळकरी मुलांपैकी पाच ते दहा टक्के मुलांना वर्तन सुधारण्यासाठी औषधे दिली जात असल्याचे तीत म्हटले होते. आकडा पुढे वादात सापडला. पण त्याच वर्षी सप्टेंबरात कॉर्नेलियस गॅलाघर या प्रतिनिधीने अमेरिकन संसदेत सुनावणी घेतली, आणि काळ्या वस्त्यांत एक भीती घर करून बसली : आमच्या पोरांना गप्प बसवायला या गोळ्या आहेत. दोन वर्षांनी टस्कीगीचे प्रकरण उघडकीला आले. १९३२ पासून चाळीस वर्षे सरकारी डॉक्टरांनी काळ्या रुग्णांचा सिफिलिस उपचार न करता नुसता पाहत ठेवला होता. या लोकांनी डॉक्टरवर विश्वास ठेवावा तरी कशाच्या जोरावर?

दुसरीकडे न्यायालयात लढाई चालू होती. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सहा काळ्या मुलांना बुद्ध्यंक चाचणीवरून ‘शिकवता येण्याजोग्या मतिमंदां’च्या वर्गात घातले होते. काळ्या मानसशास्त्रज्ञांनी त्यांना नेहमीच्या बोलीत, धीर देत पुन्हा तपासले, तेव्हा सगळी मुले ७५ च्या रेषेवर गेली. १९७१ साली खटला दाखल झाला. ‘लॅरी पी. विरुद्ध राइल्स’ या नावाने तो ओळखला जातो. कॅलिफोर्नियात १९६८-६९ साली काळी मुले एकूण विद्यार्थ्यांच्या ९ टक्के होती, या वर्गांत मात्र २७ टक्के. १९७९ साली न्यायमूर्ती रॉबर्ट पेकहॅम यांनी काळ्या मुलांना अशा वर्गात घालण्यासाठी बुद्ध्यंक चाचणी वापरण्यास मनाई केली.

इथवरची गोष्ट सरळ आहे : काळ्या मुलांवर शिक्के मारले गेले, त्यांनी ते पुसले. मला स्वतःला ज्या शोधनिबंधाने चक्रावून टाकले, तो २०१३ सालचा. पॉल मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी बालवाडी ते आठवीपर्यंत १७ हजारांहून अधिक मुलांचा माग ठेवलेल्या राष्ट्रीय पाहणीतले आकडे तपासले. वर्तन, अभ्यासातले यश, घरची स्थिती हे सगळे लक्षात घेऊनही काळ्या मुलाचे एडीएचडीचे निदान होण्याची शक्यता गोऱ्या मुलाच्या तुलनेत ६९ टक्क्यांनी कमी निघाली. म्हणजे शिक्का जास्त नव्हे, कमी! आणि औषध मिळणे त्याहून दूर. याच्या जोडीला अमेरिकन सरकारच्या हिशेब तपासणी कार्यालयाचा २०१८ सालचा अहवाल ठेवावा : सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांत काळी मुले १५.५ टक्के, शाळेतून काही दिवसांसाठी काढून टाकलेल्यांत मात्र ३९ टक्के. दोन्ही एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होते. जागेवर न बसणारे गोरे मूल डॉक्टरकडे जाते. जागेवर न बसणारे काळे मूल मुख्याध्यापकाकडे, आणि तिथून रस्त्यावर. अलीकडच्या काही पाहण्यांत निदानातली ही तफावत बुजत चालली आहे, काही ठिकाणी उलटही झाली आहे. पण त्याच वर्तनाला काळ्या मुलाच्या बाबतीत ‘उद्दामपणाचा विकार’ म्हणण्याची सवय गेलेली नाही, असे तिथलेच मानसोपचारतज्ज्ञ लिहितात.

आपल्याकडे या विषयावर बोलायला गेले की दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतात, हे सगळे औषध कंपन्यांचे थोतांड. आमच्या वेळी असली पोरे नव्हती का, छडीने सरळ व्हायची. दुसरे म्हणतात, आपल्या गरीब मुलांच्या मागे आता हा नवा शिक्का लावू नका. पहिल्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. छडीने सरळ झालेले दिसले, शाळा सोडून गेलेले त्यांना दिसलेच नाहीत. दुसऱ्यांचा हेतू चांगला आहे, आणि ओमाहा नि सॅन फ्रान्सिस्को त्यांच्या बाजूने आहेत. पण २०१३ चा निबंध त्यांच्या विरुद्ध जातो. शिक्का नको म्हणून निदानही नको म्हटले, तर मूल ‘ढ’च राहते. ‘ढ’ या निदानाला औषध नाही, सवलत नाही, दुसरे मतही नाही.

मिलिंद महाविद्यालय १९५० साली सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. बाबासाहेबांनी त्याला नाव दिले ते भदंत नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. ज्या मुलांनी प्रश्न विचारू नयेत अशी हजारो वर्षांची रीत होती, त्यांच्या महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव! ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा एके ठिकाणी लक्ष आणि प्रज्ञा यांतला फरक विचारतो. लक्षासाठी तिथे ‘मनसिकार’ हा शब्द आहे. नागसेन आधी सांगतो की लक्ष शेळ्यामेंढ्यांना, बैलांना, उंट-गाढवांनाही असते, प्रज्ञा नसते. मग राजा उपमा मागतो आणि नागसेन जव कापणाऱ्या शेतकऱ्याची देतो. डाव्या हाताने धाटांचा मुठवा धरायचा, उजव्या हातातल्या विळ्याने कापायचे. धरणे म्हणजे मनसिकार, कापणे म्हणजे प्रज्ञा. पालीचे जाणकार याचा अर्थ माझ्यापेक्षा चांगला लावतील. मला त्यात दिसते ते एवढेच, की लक्ष ही सर्वांपाशी असलेली, अंगमेहनतीच्या कामात रोज वापरली जाणारी साधी पकड आहे. ती कुणा एका वर्णाच्या वाट्याला जास्त आलेली नाही. बीड-जालन्याकडच्या पोरांना या उपमेचे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही. त्यांनी आईबापाला ऊस धरताना आणि कोयता चालवताना पाहिलेले असते.

त्या पकडीचे हातात न येणे कशाकशाने घडते, यावर पुष्कळ संशोधन आहे. हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतले शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांच्याबद्दल ‘चटकन लक्ष विचलित होते’ असे वर्गशिक्षकांनी, दातांतले काही माहीत नसताना, आधीच सांगितले होते. जुन्या घरांच्या रंगातून शिसे येते आणि तिकडे जुन्या पडक्या घरांत कोण राहते हे सांगायला नको. आपल्याकडचा आकडा रक्ताचा आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी सुमारे ६९ टक्क्यांना रक्तक्षय आहे. रक्तात लोह कमी असलेले मूल वर्गात पेंगते, रेंगाळते. त्याच्या पुस्तकात काय शेरा पडतो, ते आपण पाहिले. कोइम्बतूरच्या प्राथमिक शाळांतल्या ७७० मुलांच्या एका अभ्यासात (२०१३) एडीएचडीचे प्रमाण ११.३२ टक्के निघाले. निम्न आर्थिक गटात ते १६.३३ आणि मध्यम गटात ६.८४. यातला किती भाग जन्मजात, किती उपासमारीचा, किती झोपेचा, हे एका आकड्यावरून सांगता येत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता.

आणि एक कारण असे, की ते ना दातांत सापडते ना रक्तात. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलग्यांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. निम्मे उच्च जातींचे, निम्मे दलित. जात उच्चारली नाही तेव्हा दोघांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग सर्वांसमोर नाव, गाव, बापाचे नाव आणि जात वाचून दाखवली. दलित मुलांची सोडवलेली कोडी वीस टक्क्यांहून अधिक घटली. मुले तीच, कागद तसाच. अमेरिकेत क्लॉड स्टील आणि जोशुआ अ‍ॅरन्सन यांनी १९९५ साली काळ्या विद्यार्थ्यांबाबत हेच दाखवले होते, त्याची ही आपल्या मातीतली आवृत्ती. आपल्या शाळांत शिष्यवृत्तीच्या यादीसाठी भर वर्गात जात पुकारून हात वर करायला लावण्याची पद्धत होती. ती पुरती गेली असे मी म्हणणार नाही. तो तास संपल्यावर पुढच्या गणिताच्या तासाला त्या मुलांचे लक्ष कुठे असेल?

आता दाखल्यांकडे येतो. महाराष्ट्राने १९९६ साली अध्ययन-अक्षम मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. देशात या बाबतीत आपण पुढे होतो, हे मान्यच केले पाहिजे. मुंबईच्या शीव रुग्णालयातल्या केंद्राने या मुलांवर मोठे काम केले, तिथल्या डॉ. सुनील कारंडे यांच्या निबंधांतून अध्ययन-अक्षमता आणि एडीएचडी एकाच मुलात कशी आढळते, हे नीट समजते. सवलती पाहा : जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित, आणि मराठी किंवा हिंदी या द्वितीय भाषेतून सूट. या शेवटच्या सवलतीशी मी थबकलो. ज्याची द्वितीय भाषा मराठी, ते मूल इंग्रजी माध्यमाचे. सवलत लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणता विद्यार्थी होता, ते या एका ओळीत कळते. यात कुणाचा दुष्ट हेतू होता असे नाही. दाखला मागायला आलेले पालक त्या शाळांतले होते, चाचण्या इंग्रजीत होत्या. मराठीसह भारतीय भाषांत वाचनदोष तपासणारे ‘डाली’ हे साधन राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने आणले ते २०१५ साली. म्हणजे सवलत आणि मराठीतली ही चाचणी यांच्यात एकोणीस वर्षे गेली. एवढ्या काळात पहिलीला गेलेल्याचे मूल पहिलीला जाते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. विशिष्ट अध्ययन-अक्षमता त्यांत आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. माझ्या ओळखीच्या एका जिल्हा परिषद शिक्षकाने त्याच्या वर्गातल्या एका मुलासाठी दाखल्याचा प्रयत्न केला. मुलगा हुशार, तोंडी हिशेब बिनचूक, कागद पुढे आला की उठून जाणारा. आई धुणीभांडी करणारी. तीन खेपा झाल्या, तीन दिवसांचा रोज बुडाला, चौथ्या खेपेला ती म्हणाली, ‘‘सर, राहू द्या आता. त्याचा बाप पण असाच हाय.’’ हे वाक्य ऐकून तो शिक्षक खचला. मला मात्र त्या बाईने नकळत या अवस्थेचा एक पक्का वैद्यकीय पुरावाच दिला असे वाटले. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. तिच्या दाराशी येऊन हे विचारणारे कुणी नव्हते, इतकेच.

कागदावर तशी व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत वर्षातून एकदा वैद्यकीय पथक जाते. तपासायच्या तीस अवस्थांच्या यादीत अध्ययनदोष आणि एडीएचडी दोन्ही आहेत. कार्टराइटपासून निघालेली गोष्ट अशा रीतीने मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या ओट्यावर येऊन पोहोचते. यादीत शब्द आहे, पथकाजवळ फॉर्म आहे. फॉर्म भरायला मूल हजर पाहिजे, आणि त्याला वर्षभर पाहिलेले शिक्षक पाहिजेत, कारण ही अवस्था पाच मिनिटांत नाडी पाहून कळत नाही.

बीड, जालना आणि आमच्याही जिल्ह्यातले काही तालुके ऑक्टोबरात अर्धे रिकामे होतात. कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात, ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. पोरे सोबत असतात. आमच्या शहरातल्या ‘जनार्थ’ने २००० नंतर कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवून त्यांतल्या हजारोंना काही महिने तरी फळ्यासमोर बसवले. शिक्षणहक्क कायद्यानंतर जबाबदारी सरकारी शाळांवर गेली, हंगामी वसतिगृहे आली. काही चालली, काही हजेरीपटावर चालली. परत आलेले मूल एप्रिलच्या उन्हात वर्गात बसते तेव्हा पुस्तक सहा महिने पुढे गेलेले असते. मास्तर काही विचारतात, मूल खिडकीबाहेर पाहते.

या वर्षी मी दोन तालुक्यांतल्या काही शाळांत जाऊन पथकाच्या भेटीच्या तारखा आणि त्या दिवशीची हजेरी एका वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली आहे. जून-जुलैत भेट झाली तर पट भरलेला असतो, पण शिक्षकांनी मूल ओळखलेले नसते. जानेवारीत झाली तर शिक्षकांना मुले ठाऊक झालेली असतात आणि ज्यांच्याबद्दल विचारायचे ती मुले फडावर. वहीत आतापर्यंत नोंदलेल्या बहुतेक भेटी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांतल्या आहेत.